बिरड्याची चर्चा काढून टाकावी का

माझं अलिबागला फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. तिथे माणसं टेबलावर पालथी पडली, मी त्यांच्या कमरेवर शेक ठेवला, की पाचेक मिनिटं शांततेत जातात. मग उशीत दाबलेल्या तोंडातून आवाज येतो, "मॅडम, माझी कालची कमेंट का काढलीत?" पेशंटची कंबर माझ्या हातात असते, पण अशा वेळी पेचात मीच सापडलेली असते.

ही कमेंट म्हणजे आमच्या नागावच्या ग्रुपवरची. ग्रुप इंटरनेटवर आहे. कोणीही विषय काढावा आणि बाकीच्यांनी त्याखाली लिहीत सुटावं, अशी सोय. तो सुरू केला माझ्या चुलतदिरानं. तो खारघरला राहतो, कॉम्प्युटरमधलं काम करतो आणि दर शनिवारी आईकडे नागावला येतो. सुरुवातीला लोक तिथे वीज कधी येणार, मांडव्याहून बोट सुटली का, कोणाची गाय आमच्या वाडीत शिरली आहे, एवढंच विचारायचे. मग गावातली, गावाबाहेर गेलेली, गावात फक्त सुट्टीला येऊन राहिलेली अशी सगळीच माणसं आत आली आणि दिराला एकट्याला ते आवरेना. त्यानं मदतीला दोघांना घेतलं. एक आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळा गाव नुसतं 'सर' म्हणतो. दुसरी मी. मी का, असं विचारल्यावर म्हणाला, "वहिनी, तुला लोकांची दुखणी ऐकायची सवय आहे."

आमच्या पदाचं नाव मॉडरेटर. गावानं त्याचं मॉनिटर केलं. सरांना ते जास्त आवडलं.

काय ठेवावं आणि काय काढावं याबद्दल सरांचं मत अगदी पक्कं होतं. वर्गात गोंगाट झाला की कारण विचारत बसायचं नाही, बोलणाऱ्यांना बाहेर काढायचं. दिराचं मत नेमकं उलटं. त्याला वाटे, भांडण चालू आहे म्हणजे ग्रुप जिवंत आहे. "वहिनी, राहू दे ना, लोक एन्जॉय करतायत." माझं असं काही मत नव्हतं. मी त्या त्या वेळी बघून ठरवायची आणि बहुतेक वेळा दोघांच्या मधोमध जाऊन बसायची.

कठीण काय असतं ते मला हळूहळू कळायला लागलं. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना खायला घालावं की नाही यावर गाव दुभंगला तेव्हा सरांना अख्खी चर्चा काढायची होती; मी ठेवायला लावली, कारण त्या भांडणातून शेवटी एका पशुवैद्याचा फोन नंबर मिळाला आणि कुत्र्यांना लस टोचून झाली. याउलट एकदा कोणीतरी मोटरसायकलवर मुलाच्या मागे बसलेल्या एका मुलीचा फोटो टाकला आणि वर लिहिलं, 'ही कोणाची?' त्याखाली अजून एकही कमेंट नव्हती, भांडण नव्हतं, काही नव्हतं. पण आम्ही तिघांनी आपापल्या ठिकाणाहून तो एकाच वेळी काढायला घेतला आणि एकमेकांना विचारलंही नाही. मी पोचेपर्यंत सरांनी काढून टाकला होता. त्या दिवशी मला कळलं की आवाज किती आहे हा प्रश्नच नव्हे.

हे सगळं शहाणपण बिरड्याच्या वेळी उपयोगी पडेल असं मला वाटलं होतं.

माझ्या सासूबाईंचा गुडघा बदलला त्या वर्षीची ही गोष्ट. ऑपरेशन झकास झालं. पुढचं काम माझ्याकडे होतं आणि सासूबाईंइतका हट्टी पेशंट माझ्याकडे ना आधी आला ना नंतर. ओटीच्या पायरीपर्यंत चाला म्हटलं तर म्हणायच्या, पायरी कुठे पळून जातेय. खुर्चीत बसून बसून त्या चिडचिड करायला लागल्या तेव्हा नवऱ्यानं त्यांना नवा फोन आणून दिला. टायपिंग जमेना म्हणून बोलून लिहायचं शिकवलं. त्यांनी जास्वंदीचा फोटो लावला आणि त्या ग्रुपवर आल्या.

बोलून लिहिण्यात एक गंमत असते. आपण बोलतो एक आणि फोन ऐकतो भलतंच. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी कोणाला तरी माशाच्या कालवणाची कृती सांगितली आणि त्यात 'आमसूल घालावं' याचं 'आमचं मूल घालावं' झालं. लोकांनी काळजीनं चौकशी केली. सासूबाईंना त्यात दुरुस्त करण्यासारखं काही दिसलं नाही. म्हणाल्या, शहाण्याला कळतं.

अशात ठाण्याच्या एका बाईंनी ग्रुपवर विचारलं की आम्ही नागावला राहून गेलो, येताना वाल आणलेत, तर बिरड्यात गूळ घालतात का?

आमच्याकडे बिरडं म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याला एवढंच सांगते: वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा आणि मग नारळाच्या रसात शिजवायचा. सोलण्यातच सकाळ जाते. इतकी मेहनत घेतलेल्या गोष्टीबद्दल माणूस नरमाईनं बोलत नाही.

सासूबाईंनी लिहिलं, 'गूळ हवाच. गुळाशिवाय बिरडं म्हणजे औषध.'

थोड्या वेळानं खाली उत्तर आलं. पालीच्या गणपतीचा फोटो लावलेल्या एका सदस्येनं लिहिलं होतं, 'काही घरांत लग्नाकार्यातही बिरड्यात गूळ टाकून त्याचा शिरा करतात. आपण काय बोलणार?'

ठाण्याच्या बाईंनी त्याला हसरा चेहरा दिला. मी मात्र हातातला चहा खाली ठेवला. गणपतीचा फोटो लावलेल्या त्या सदस्या म्हणजे आमच्या काकू, सासूबाईंची धाकटी जाऊ, माझ्या त्या चुलतदिराची आई. कुंपणापलीकडच्या वाडीत राहतात. आणि लग्नकार्य म्हणजे माझंच लग्न.

झालं होतं असं. माझ्या लग्नाआधी सासरी केळवण होतं आणि बिरडं काकूंनी केलं होतं, मोठ्या पातेल्यात, पहाटेपासून खपून. सासूबाई चुलीजवळून जाता जाता थांबल्या, चव घेतली आणि कोणाला न विचारता त्यात गुळाचा खडा टाकून पुढे गेल्या. काकू त्या पंगतीला जेवल्या नाहीत. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. मी त्या घरात आले तेव्हा माझ्याबरोबर ही शांतताही आली. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. सणाला ताटं इकडून तिकडे जात, हळदीकुंकवाला दोघी एकमेकींकडे जात, पण बोलणं माझ्यामार्फत. "तुझ्या सासूला सांग, विहिरीचा पंप बंद करा, टाकी भरलीय." सासू तिथेच उभी असायची. मी वळून सांगायची. पुढे काकूंचे यजमान, आमचे काका, हृदयविकारानं गेले, तेव्हा काकूंच्या घरी रोज पिठलं-भात गेला तो सासूबाईंच्या हातचा. त्या स्वतः जाऊन शेजारी बसून आल्या. तेव्हाही बोलल्या नाहीत.

आणि आता त्या दोघी बोलत होत्या.

एकमेकींचं नाव घेत नव्हत्या, हे खरं. सगळं 'काही जणी', 'कोणी कोणी', 'आजकाल' असं चाललं होतं. सासूबाई लिहायच्या, 'काही जणींना वाटतं तिखट झालं की स्वयंपाक झाला.' काकू लिहायच्या, 'ज्यांच्या घरी पाहुणे पाणी जास्त पितात त्यांनी बोलू नये.' मला यातलं पाणी जास्त पिण्याचं काही कळलं नाही, पण सासूबाई खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाल्या, त्याअर्थी घाव वर्मी बसला असावा. सकाळी उठल्या की चष्मा लावून आधी उत्तर आलं का बघायच्या. आलं नसेल तर चेहरा उतरायचा. पलीकडेही तेच. दीर मला म्हणाला, आई हल्ली मालिका बघत नाही.

बाकीच्या गावाला या दोघी कोण हे ठाऊक होतंच. गावानं पक्ष घेतले. गूळवाले आणि बिनगूळवाले. क्लिनिकमध्ये मानेचा पट्टा लावलेले एक काका मानेला वजन लावून घेता घेता मला म्हणाले की तुमच्या सासूबाईंचं चुकतंय, पण तुम्ही मान जोरात ओढणार नसाल तरच पुढे बोलतो. ठाण्याच्या बाई अधूनमधून विचारत, मग घालू का? त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मग नेहमीसारखं व्हायला लागलं. भांडण बिरड्यावरून घरांवर आलं आणि घरांवरून जातींवर येऊ बघायला लागलं. कोणाकडे कांदा घालतात, कोणाकडे घालत नाहीत, घालत नाहीत ते स्वतःला काय समजतात. सरांनी आम्हाला त्यांच्या ओटीवर बोलावलं.

सरांचं म्हणणं होतं की अख्खी चर्चा काढावी, आजच. दीर आणि मी दोघंही गप्प बसलो. गप्प बसायला कारण होतं. एका वादी बाईचा तो मुलगा, दुसरीची मी सून. आम्ही कशाहीबद्दल बोललो तरी ते घरचंच झालं असतं. सरांनी हे ओळखून म्हटलं की तुम्ही दोघं या प्रकरणात मत देऊ शकत नाही, तेव्हा माझं एकट्याचं मत ग्राह्य धरू. त्यांच्या पत्नीनं चहा आणला. मला वाटतं त्या चहानं थोडा वेळ मिळाला.

मी म्हटलं, "सर, त्या दोघी माझ्या लग्नापासून एकमेकींशी बोललेल्या नाहीत."

"ठाऊक आहे मला," सर म्हणाले. "म्हणूनच म्हणतो. आणखी वाढेल."

"पण आता बोलतायत. कसं का होईना, रोज बोलतायत. आपण चर्चा काढली तर पुन्हा पंप बंद करा म्हणून सांगायला मीच."

सरांनी दिराकडे पाहिलं. तो चहात बघत होता. म्हणाला, "सर, आई रोज सकाळी मला फोन करून वाचून दाखवते. काय लिहिलं, त्यावर काय लिहू. बाबा गेल्यापासून इतकं कधी बोलली नव्हती."

सर बराच वेळ पाय हलवत बसले. मग असं ठरलं की चर्चा राहील. जातीवरच्या, घरावरच्या कमेंटी तेवढ्या निवडून काढायच्या. तांदूळ निवडतात तशा, खडा दिसला की उचलायचा. सर म्हणाले, "पण लक्ष ठेवा. गोंगाट सहन करण्याचं हे माझं पहिलंच वर्ष आहे."

काही दिवस ते नीट चाललं. मग एका सकाळी पुण्याला स्थायिक झालेल्या, मूळच्या आमच्याकडच्याच एका गृहस्थांनी लिहिलं, 'काकूंच्या त्या कडू बिरड्याला कंटाळूनच आमचे काका लवकर वर गेले असतील.' पुढे हसून रडणारे चेहरे, रांगेनं.

मी क्लिनिकमध्ये होते. ते वाचलं आणि काढण्यासाठी बोट नेलं, तोच त्याच्याखाली जास्वंदीचा फोटो उगवला. सासूबाईंचं उत्तर होतं. पहिल्यांदाच त्यात 'काही जणी' नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, 'माझ्या दिराबद्दल इथे कोणी बोलायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जात होता. त्याचा डबा मी भरलाय. मोठा झाल्यावर माझ्याकडे जेवायला बसला तरी आधी विचारायचा, तिकडून बायकोनं काही पाठवलंय का. माझ्या जावेच्या हातासारखं बिऱ्हाड मला जन्मात जमलं नाही.'

बिरडं म्हणायचं होतं. फोननं बिऱ्हाड केलं. मी हसले नाही.

टेबलावर एक बाई शेक घेत पडल्या होत्या. त्यांना दाखवावं म्हणून मी आत गेले आणि फोन पुढे केला, तर तिथे काहीच नव्हतं. गृहस्थांची कमेंट गेली होती आणि तिच्याखालचं सासूबाईंचं उत्तरही. आमच्या त्या ग्रुपवर असंच होतं, वरचं काढलं की खालचं आपोआप जातं. मला ते माहीत होतं, पण ते कधी इतकं लागलं नव्हतं.

दुपारी जेवायला घरी आले तर सासूबाई माझीच वाट बघत होत्या.

"माझं का काढलंस?"

मी म्हटलं, मी नाही काढलं, ते त्या माणसाचं काढताना गेलं.

"तिनं वाचलं का?"

सासूबाईंनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि जेवता जेवता मान वर न करता म्हणाल्या, "वाचलं असेल तर उत्तर दिलं असतं. जाऊ दे."

मी दिराला फोन लावला. त्यानंच काढलं होतं. म्हणाला, "वहिनी, बाबांबद्दल वाचलं आणि सरळ डिलीट मारलं. खाली काय आहे ते बघितलंच नाही." मी त्याला खाली काय होतं ते सांगितलं. मग विचारलं की परत आणता येईल का, तर नाही म्हणाला. संध्याकाळी त्यानं आईला सगळं सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की त्यांनी असं लिहिणं शक्य नाही, तुम्ही पोरं मिळून आमची दिलजमाई करायला बघताय.

यातून वाट काढली ती सरांनी, ज्यांना मुळात सगळंच काढायचं होतं. त्यांनी ते उत्तर सकाळी चहाबरोबर वाचलं होतं. मला म्हणाले की चूक आपल्याकडून झाली आहे, तर ती सांगायला हवी. आणि शाळेच्या फळ्यावर लिहावी तशी सूचना त्यांनी त्याच चर्चेत टाकली: 'एक अनुचित कमेंट काढताना तिच्याखालील एक उत्तम उत्तर अनवधानाने नष्ट झाले. आम्ही दिलगीर आहोत.'

गावानं लगेच विचारलं, कोणतं उत्तर?

ज्यांनी वाचलं होतं ते पुढे आले. पहिल्यानं लिहिलं, मोठ्या काकूंनी धाकटीची बाजू घेतली. दुसऱ्यानं लिहिलं, नुसती बाजू नाही घेतली, त्या माणसाला चांगलं झापलं. तिसऱ्या बाईंनी लिहिलं की त्यात दिराच्या डब्याचं असं काही होतं की वाचून डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सासूबाई लिहिता लिहिता रडल्याही होत्या, आणि मानेच्या पट्ट्यावाले काका तर शपथेवर सांगत होते की सासूबाईंनी धाकट्या जावेची माफी मागितली. हे सगळं सासूबाई खुर्चीत बसून वाचत होत्या आणि एकेकाला नावं ठेवत होत्या. "मी रडले? मला सर्दी झाली होती. आणि फोनला काय दिसतंय मी रडतेय का." तोपर्यंत ठीक होतं. मग कोणीतरी लिहिलं की सासूबाईंनी गुळाच्या बाबतीत आपली चूक मान्य केली होती.

सासूबाई उठल्या.

मी घरी होते, रविवार होता. मला वाटलं पाणी प्यायला उठल्या असतील. त्यांनी काठी घेतली, ओटीच्या पायऱ्या उतरल्या आणि अंगणातून सरळ कुंपणाच्या दिशेनं निघाल्या. किती दिवस मी त्यांना पहिल्या माडापर्यंत तरी चला म्हणून विनवत होते. त्या पहिला माड ओलांडून गेल्या, दुसराही गेला. खोटं कशाला सांगू, माझं पहिलं लक्ष त्यांच्या चालीकडेच होतं. गुडघा सुरेख वाकत होता. मी नवऱ्याला हाक मारली. तो आला, त्यानं पाहिलं आणि म्हणाला, आपण इथेच थांबू या. मी मात्र पेशंट पडेल या सबबीखाली मागे मागे गेले.

काकू पलीकडे पंपापाशी होत्या. दोघींच्या मधे कुंपण. सासूबाई काठीवर टेकून उभ्या राहिल्या.

"गुळाचं मी काही कबूल केलेलं नाही," त्या म्हणाल्या.

काकूंनी पंप बंद केला. आवाज थांबला तसं एकदम सगळं ऐकू यायला लागलं, सुपारीच्या झापांची सळसळ, दूर कोणाची तरी गाडी.

"मग काय लिहिलं होतंत?" काकूंनी विचारलं.

"तुझ्या मुलानं काढलं ते."

"त्यानं काढलं. पण लिहिलं तुम्ही होतंत ना? आठवत असेल की."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोलणं माझ्यामार्फत करायची सवय होती दोघींना. मी आभाळाकडे बघितलं.

"त्याचा डबा मी भरायचे, ते लिहिलं," सासूबाई म्हणाल्या.

"ते मला ठाऊक आहे. ते सांगायचे नेहमी. आणखी?"

"आणखी बिरड्याचं काहीतरी."

"काय बिरड्याचं?"

"आता सगळं काय पाठ करून ठेवलंय मी?" सासूबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग जमिनीकडे बघत, जवळजवळ रागानंच म्हणाल्या, "तुझ्या हातासारखं मला जमलं नाही, असं लिहिलं होतं. घे."

काकू पदरानं हात पुसत राहिल्या, हात कोरडे होते तरी. मला वाटलं आता दोघींपैकी कोणीतरी रडेल आणि मला कुंपणावरून उडी मारून जावं लागेल. पण काकू म्हणाल्या, "गूळ घालत होतात ना, म्हणून जमत नव्हतं."

"तुझ्या बिरड्याला गुळाचीच तेवढी कमी होती."

"आत या. त्या पायावर उभ्या राहू नका."

कुंपणात एक लाकडी फाटक होतं. ते इतकी वर्षं उघडलं नव्हतं की त्याला बांधलेली तार गंजून गेली होती. काकूंनी सोडवायचा प्रयत्न केला, मग मी केला, शेवटी नवऱ्याला पक्कड घेऊन यावं लागलं. तेवढा वेळ दोघी जावा कुंपणाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून तार कशी कापावी याबद्दल त्याला सूचना देत होत्या. सूचना एकमेकींच्या विरुद्ध होत्या.

सासूबाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिकडेच होत्या. मी व्यायामाची वेळ झाली म्हणून बोलवायला गेले, तर काकूंनी मला ओटीवरूनच परत पाठवलं. आत काकांच्या फोटोखाली दोघी बसल्या होत्या आणि सासूबाई काहीतरी सांगत होत्या, हळू आवाजात. काय ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं सरांच्या ओटीवर पुन्हा जमलो. प्रश्न असा होता की आता त्या चर्चेचं काय करायचं. मजा अशी की सगळ्यांची मतं फिरली होती. दिराला ती काढायची होती. बाबांबद्दल ते लिहिलं होतं ती जागा त्या चर्चेत आहे, मी चर्चा उघडली की तिथेच जाऊन पोचतो, म्हणाला. सर म्हणाले, मुळीच नाही. गावात पोरासोरांनी वाचावं असं त्यात काही असेल तर ते तिथेच आहे, मोठी माणसं कशी भांडतात आणि चूक झाली की कशी सांगतात. मला दोघांचंही पटत होतं आणि हेच माझं नेहमीचं संकट. शेवटी मी विचारलं की आपण त्या दोघींना विचारू या का, भांडण त्यांचं आहे. हे आधी कोणाला सुचलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, ठेवा की, कोणाचं काय जातंय. काकू म्हणाल्या, ठेवा, पण नवीन कोणाला लिहू देऊ नका, आम्हाला आता तिथे बघायला वेळ नाही. म्हणून ती चर्चा कुलूप लावून ठेवली आहे. वाचता येते, लिहिता येत नाही. दिरानं आपल्यापुरती ती दिसणार नाही अशी सोय करून घेतली. पुण्याच्या गृहस्थांना सरांनी खाजगीत एक पत्रवजा संदेश पाठवला. काय लिहिलं ते सांगत नाहीत, पण ते गृहस्थ गणपतीत गावी आले तेव्हा काकूंकडे जाऊन पाया पडून आले.

दोघी जावा ग्रुपवर आता फारशा दिसत नाहीत. त्यांची भांडणं फाटकापाशी होतात, समोरासमोर, आणि ती काढून टाकायचा अधिकार मला नाही. मला बऱ्याचदा वाटतं की बरं आहे.

मॉनिटरचं काम संपलेलं नाही. आम्ही एवढंच बदललं, की काहीही काढायच्या आधी खालचं शेवटपर्यंत वाचायचं आणि शंका आली तर एकमेकांना फोन करायचा. त्यामुळे फोन फार होतात. गेल्याच आठवड्यात बाहेरगावचा एक जण गाडी घेऊन वाळूत उतरला, भरती आली आणि गाडी अर्धी पाण्यात गेली. कोणीतरी फोटो टाकला. गावाला असं काही मिळालं की आनंदाला पारावार राहत नाही. त्या माणसानं आम्हाला विनवलं की काढा, माझं ऑफिस बघतंय. सर म्हणाले, ठेवा, बाकीच्यांना धडा मिळेल. दीर म्हणाला, काढू या, बिचारा. मी क्लिनिकमधून, एका हातानं एका पेशंटचा खांदा धरून, दुसऱ्या हातानं फोन धरून ऐकत होते. शेवटी आम्ही गाडीचा नंबर झाकला आणि फोटो राहू दिला. संध्याकाळी त्याच माणसानं त्या फोटोखाली लिहिलं की ज्या ट्रॅक्टरवाल्यानं गाडी ओढून काढली त्याचा नंबर कोणाकडे आहे का, आभार मानायचे राहून गेले.